आधी वायर ओढली, मग पुस्तक लिहिलं: इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या एका मराठी हँडबुकचा रिव्ह्यू

गेल्या जूनमध्ये नव्या बॅचसाठी जर्नलं आणि ड्रॉइंग शीट घ्यायला पुण्यात अप्पा बळवंत चौकात गेलो होतो, तिथं गल्लीतल्या एका छोट्या टेक्निकल पुस्तकांच्या दुकानात काउंटरच्या खालच्या फळीवर हे पुस्तक सापडलं. निळं कव्हर, वर पक्कड आणि टेस्टरचं चित्र, ४१२ पानं, छापील किंमत ३८०, दुकानदारानं ३०० ला दिलं. आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडचं, म्हणजे सरकारी भाषेत वीजतंत्री ट्रेडचं हँडबुक, पूर्ण मराठीत, तिसरी आवृत्ती. लेखक आपल्याच लाइनचे, एक रिटायर्ड शिल्प निदेशक, म्हणजे आयटीआयमधले इन्स्ट्रक्टर. त्यांचं नाव इथं टाकत नाही, कारण नंतर त्यांच्याशी फोनवर बोलणं झालं तेव्हा त्यांनीच सांगितलं की माझं नाव नको टाकू बाबा, पुस्तक कसं आहे ते लिही. म्हणून पुस्तकाबद्दलच लिहितो, आणि वर्षभर वर्गात वापरून झाल्यावर लिहितोय.

आधी माझं सांगतो म्हणजे कुठल्या नजरेनं वाचलं ते कळेल. मी सोलापूर जिल्ह्यातला. आयटीआय करून ११ वर्षं वायरिंगची कामं केली, बंगले, चाळी, शाळा, दोन-तीन छोटे कारखाने, मध्ये वायरमनचा परवाना काढला, मग एक वर्षाचं सीआयटीएस, म्हणजे निदेशकांचं सरकारी ट्रेनिंग, केलं आणि आता एका खाजगी आयटीआयमध्ये निदेशक म्हणून चौथं वर्ष चालू आहे. म्हणजे ज्या रस्त्यानं हे सर गेले त्याच रस्त्यावर मी त्यांच्या पाठीमागून चालतोय, त्यामुळं या पुस्तकाकडं मला तटस्थपणे बघता येणार नाही हे आधीच कबूल करतो.

इलेक्ट्रिशियनची पुस्तकं बाजारात मिळत नाहीत असं नाही, ढिगानं मिळतात. पण परीक्षा कॉम्प्युटरवर ऑब्जेक्टिव्ह झाल्यापासून निम्म्याहून जास्त पुस्तकं म्हणजे नुसते प्रश्नसंच झालेत. प्रश्न, चार पर्याय, खाली उत्तर, संपलं. का ते नाही. पोरगं पाठ करतं, पास पण होतं, आणि मग अप्रेंटिसला गेल्यावर सुपरवायझर विचारतो की स्टार्टरमधनं आवाज येतोय तर काय बघशील, तर गप्प उभं राहतं. मी माझ्या पहिल्या वर्षी असलाच एक गाइड वर्गात वापरला होता, त्यात एकाच प्रश्नाची दोन पानांवर दोन वेगळी उत्तरं होती आणि पोरांनी मला विचारलं सर यातलं खरं कुठलं. तेव्हा कळलं की ज्यानं लिहिलंय त्यानं ती गोष्ट हातानं केलेली नाही. केलेल्या माणसाची अशी चूक होतच नाही, कारण त्याच्या डोळ्यासमोर बोर्ड असतो.

या निळ्या पुस्तकात पहिला फरक मला पान ९६ वर दिसला आणि ते पान वाचून मी दुकानातच खाली स्टुलावर बसलो. विषय होता न्यूट्रल, म्हणजे करंट परत जायची तार, तुटल्यावर काय होतं.

मी कामाला लागून दुसरंच वर्ष असेल, आमच्या उस्तादांबरोबर एका चाळीत गेलो होतो. रात्री अचानक अर्ध्या चाळीतले दिवे भगभग पेटले, चार टीव्ही आणि एक फ्रीज जळला, आणि बाकीच्या खोल्यांत दिवे एकदम मंद, पंखे फिरेनात. बायका रडत होत्या, एका आजीचा टीव्ही हप्त्यावर घेतलेला, दोनच हप्ते भरले होते. उस्तादांनी मेन पॅनल उघडलं, न्यूट्रलच्या लिंकचा नट ढिला होऊन काळा पडला होता, तो घासून आवळला, सगळं नीट झालं. मी विचारलं काय झालं होतं, तर म्हणाले न्यूट्रल गेलं होतं. मी म्हणलं न्यूट्रल गेलं तर लाइट जायला पाहिजे ना, वाढली कशी? तर म्हणाले असंच असतं, चल पुढच्या कामाला. आता उस्ताद वाईट माणूस नव्हता, पोटच्या पोरासारखं सांभाळलं मला त्यांनी. पण त्यांना पण कोणी सांगितलं नव्हतं, किंवा ते हातचं राखून होते, आपल्या धंद्यात दोन्ही चालतं.

सरांनी ते दोन पॅरात सांगितलंय. एका फेजवर, म्हणजे वीज आणणाऱ्या एका तारेवर, एक घर, दुसऱ्या फेजवर दुसरं घर. न्यूट्रल शाबूत आहे तोवर दोघांना आपापले २४० व्होल्ट मिळतात. न्यूट्रल तुटला की दोन्ही घरं एकमेकांच्या मागे सिरीजमध्ये येतात आणि दोन फेजमधले ४१५ व्होल्ट दोघांत वाटले जातात, आणि ही वाटणी भावाभावातल्यासारखी निम्मी-निम्मी होत नाही, ज्याच्या घरात लोड कमी त्याच्या वाट्याला व्होल्टेज जास्त. मग आकडे दिलेत. एका घरात फक्त १०० वॅटचा बल्ब चालू, म्हणजे रेझिस्टन्स ५७६ ओहम. दुसऱ्या घरात १००० वॅटचा गिझर, ५७.६ ओहम. दोन्ही मिळून ६३३.६, करंट साधारण ०.६५ अँपियर, म्हणजे बल्बवर ३७७ व्होल्ट आणि गिझरवर जेमतेम ३८. बल्ब फुटणार, गिझर गार राहणार. बस. पंधरा वर्षं डोक्यात अडकलेली गाठ त्या स्टुलावर सुटली. मला त्या आजीचा टीव्ही आठवला.

हे पान मी वर्गात नुसतं वाचून नाही दाखवलं. पुस्तकात खाली बारीक अक्षरात लिहिलंय की वर्गात हे करून दाखवायचं असेल तर ४१५ च्या नादी लागू नका, एक २०० चा आणि एक ४० चा साधा बल्ब सिरीजमध्ये जोडा आणि २४० वर लावा. तसं केलं. आधी पोरांना विचारलं कुठला जास्त पेटेल, वीसच्या वीस जणांनी २०० चा सांगितला. स्विच दाबला तर ४० चा झगझगीत आणि २०० च्या बल्बची तार नुसती लालसर पण धड होईना. एक मिनिट कोणी बोललं नाही. मग मागच्या बाकावरचा एक पोरगा, जो कधी तोंड उघडत नाही, तो म्हणाला सर म्हणजे ज्याच्या घरी कोणी नसतं आणि नुसता टीव्ही चालू असतो त्याचाच जळणार. मी त्याला फळ्याजवळ बोलावलं आणि खडू त्याच्या हातात दिला.

अशी जागा लिहायला आधी असली चाळ बघितलेली असावी लागते, आणि मग वर्गात ते सांगताना दहा वेळा अडकलेलं पण असावं लागतं, नुसतं एक असून भागत नाही. सरांच्या मनोगतात त्यांची सगळी वाट लिहिली आहे आणि पुस्तकातलं ते मला सगळ्यात मोलाचं वाटलं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दहावी, मग आयटीआय, मग १९६१ च्या अप्रेंटिस ॲक्टखाली साखर कारखान्यात अप्रेंटिस, आणि तिथंच पुढं वायरमन म्हणून सहा वर्षं. गळीत हंगामात नुसती पळापळ, मोटार बंद पडली की ऊस आत नेणारी गव्हाण थांबते आणि बाहेर ट्रॅक्टरची रांग लागते, तेव्हा शिकायला वेळच नाही, फक्त चालू करून द्यायचं. खरं शिक्षण ऑफ-सीझनला. सगळ्या मोटारी उघडायच्या, बेअरिंग धुवायची, वाइंडिंग (आतली तारेची गुंडाळी) तपासायचं, मेगर म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर लावायचा, जळालेल्या मोटारी परत भरायच्या, म्हणजे नवीन वाइंडिंग घालायचं. सर लिहितात की ऑफ-सीझनला उघडलेल्या प्रत्येक मोटारीत त्यांना हंगामात कोणीतरी केलेली चूक सापडायची, आणि निम्म्या वेळा ती चूक त्यांचीच असायची. मग चुनाभट्टीच्या एटीआयमध्ये, म्हणजे आताच्या एनएसटीआयमध्ये, इन्स्ट्रक्टर ट्रेनिंगला गेले. तिथं पहिल्याच आठवड्यात फळ्यासमोर उभं केलं आणि सांगितलं साधं जिन्याचं वायरिंग शिकवून दाखवा. दोन टू-वे स्विच, एक दिवा, डोळे झाकून करणारा माणूस, पण शब्द फुटेनात. हात आपोआप हवेत वायर जोडायला लागले म्हणे.

हे वाचून मला माझं सीआयटीएसचं वर्ष आठवलं, कारण अगदी तेच झालं होतं. आपल्याला काम येतं पण सांगता येत नाही, आणि ही दोन वेगळी कसबं आहेत हे बाहेरच्या माणसाला पटतच नाही. तिथं लेसन प्लॅन लिहायला लावतात, डेमॉन्स्ट्रेशनचा प्लॅन वेगळा, आणि चार पायऱ्यांची पद्धत अंगवळणी पाडतात. आधी पोरांचं मन तयार करा, मग दाखवा, मग त्यांच्या हातानं करून घ्या, मग तपासा. ही पद्धत मुळात चार्ल्स ॲलन नावाच्या अमेरिकन माणसाची, पहिल्या महायुद्धात जहाजं बांधायला कामगार झटपट तयार करायचे होते तेव्हाची. शंभर वर्षं झाली तरी अजून तीच चालते कारण ती वर्कशॉपमधून आलेली आहे. आणि सरांचं पुस्तक नीट बघितलं तर प्रत्येक प्रकरण याच चार पायऱ्यांवर बांधलेलं आहे. सुरुवातीला एक बिघाड किंवा एक प्रश्न, मग समजावणं, मग करायचं काम, शेवटी तपासायचे मुद्दे. सर हे कुठं सांगत नाहीत, पण निदेशकाला लगेच ओळखू येतं.

पुढं मनोगतात आहे की आयटीआयमध्ये रुजू झाल्यावर एका पोरानं विचारलं, सर स्टार्टर स्टार-डेल्टाच का, डायरेक्ट का नाही. स्टार-डेल्टा म्हणजे मोटार सुरू करताना वाइंडिंग स्टार पद्धतीनं जोडायचं आणि वेग घेतल्यावर डेल्टा पद्धतीनं. सरांनी सांगितलं करंट कमी लागतो. पोरगा म्हणाला किती कमी? तेव्हा सांगता आलं नाही. घरी जाऊन गणित केलं, स्टारमध्ये प्रत्येक वाइंडिंगला ४१५ ऐवजी २४० मिळतात आणि लाइनमधला करंट डेल्टाच्या एक तृतीयांश होतो, आणि त्याचबरोबर टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, पण एक तृतीयांश होतो, म्हणून भरलेल्या लोडवर स्टारमध्ये मोटार उचलत नाही. हे त्यांनी एका दोनशेपानी वहीत लिहून ठेवलं. तेव्हापासून सवय लागली, पोरानं विचारलेला आणि स्वतःला न आलेला प्रश्न त्या दिवशी वहीत. २७ वर्षांच्या नोकरीत अशा १४ वह्या झाल्या. मधल्या काळात त्याचेच सायक्लोस्टाइल करून नोट्स वाटायचे, कारण इंग्रजी पुस्तकं पोरांना झेपायची नाहीत. रिटायर झाल्यावर सुनेनं त्या वह्या टाइप करून दिल्या आणि पुस्तक झालं.

म्हणजे हे पुस्तक सिलॅबसच्या कागदावरून लिहिलेलंच नाही, पोरांच्या प्रश्नांवरून लिहिलेलं आहे, आणि हे पानोपानी जाणवतं.

अर्थिंगचं प्रकरण घ्या. आपल्याकडं अर्थिंग केलं म्हणजे काय, खड्डा मारला, पाइप उभा केला, कोळसा-मीठ टाकलं, वर सिमेंटचं झाकण, बिल फाडलं. अडीच मीटरचा जीआय पाइप, भोकं, फनेल, हे चित्र प्रत्येक पुस्तकात असतं, यात पण आहे, अर्थिंगच्या भारतीय मानकाचा, आयएस ३०४३ चा, उल्लेख पण आहे. पण सर पुढं विचारतात, मोजलं का? आणि मोजलं तर कुठल्या महिन्यात मोजलं? काळ्या मातीत पावसाळ्यात रीडिंग छान येतं, आणि एप्रिल-मेमध्ये तीच माती सुकून भेगाळते, पाइपापासून सुटते, रीडिंग वर जातं. म्हणून आपल्या सोलापूर-लातूरकडं अर्थिंग तपासायचं ते उन्हाळ्यात. कोकणात जांभ्यात वेगळीच तऱ्हा, एका पाइपात भागत नाही, दोन-तीन लावून एकमेकांना जोडावे लागतात. मिठाबद्दल पण सरळ लिहिलंय की मीठ पाण्याबरोबर वाहून जातं आणि जातानाच पाइप पण खातं, म्हणून मीठ टाकून विसरू नका, दरवर्षी बघा. अर्थ टेस्टरचे दोन स्पाइक कसे रोवायचे, मधला स्पाइक पुढंमागं सरकवून रीडिंग का घ्यायचं, रीडिंग बदललं तर काय समजायचं, हे इतकं सोपं मी दुसरीकडं वाचलं नाही. मे महिन्यात पोरांना घेऊन आमच्याच आयटीआयच्या आवारातल्या तिन्ही खड्ड्यांचं अर्थिंग मोजलं, एक खड्डा पार कामातून गेलेला निघाला, तो पोरांनीच नवीन केला.

सिरीज बोर्डावर चार पानं आहेत. चार! बाकीच्या पुस्तकांत एक आकृती असते. सिरीज बोर्ड म्हणजे ज्याला आपण सिरीज टेस्ट लॅम्प म्हणतो, नवीन किंवा दुरुस्त केलेली वस्तू थेट मेनवर न लावता आधी बल्बमधून लावायची, आत शॉर्ट असेल तर बल्ब फुल पेटतो आणि फ्यूज जात नाही, ठीक असेल तर मंद पेटतो, ओपन असेल तर पेटतच नाही. सरांनी मिक्सर, इस्त्री, पंखा, चोक, प्रत्येकाला बल्ब कसा पेटला पाहिजे हे लिहिलंय. आणि आताच्या काळाची एक सूचना, की सिरीज बोर्डात एलईडी बल्ब चालत नाही, जुना तारेचाच बल्ब पाहिजे, कारण एलईडी थोड्याशा करंटवर पण पेटून तुम्हाला फसवतो. आता साधा १०० चा बल्ब दुकानात शोधावा लागतो, मी मागच्या वर्षी एकदम डझनभर घेऊन ठेवलेत.

भाषेबद्दल मुद्दाम लिहितो कारण यावर आमच्या स्टाफरूममध्ये वाद झालाय. पुस्तक मराठीत आहे म्हणजे विभवांतर, विद्युतरोध, प्रत्यावर्ती धारा असल्या शब्दांनी भरलेलं नाही. सर प्रत्येक प्रकरणात सरकारी शब्द एकदा सांगतात, कारण परीक्षेत मराठी पेपर घेतला तर तो समोर येऊ शकतो, आणि त्यानंतर सरळ करंट, व्होल्टेज, फेज, लोड. आमच्या एका सहकाऱ्यांचं म्हणणं की ही मराठीची हेळसांड आहे. मला तसं वाटत नाही. वायर सोलणं, झिरी मारणं, मोटार भरणं, लिंक आवळणं, डीपी उतरवणं, हे सगळं मराठीच आहे की, आणि ते सरांच्या पुस्तकात भरभरून आहे, ते त्या विभवांतरवाल्या पुस्तकांत नसतं. जुन्या वायरमनांची भाषा पण त्यांनी सोडलेली नाही. अजून गावाकडं म्हातारे मिस्त्री ३/२२, ७/२० अशा नंबरातच वायर मागतात, तर त्याचं कोष्टक दिलंय, ७/२० म्हणजे २० गेजच्या सात तारा, आजच्या हिशोबात ४ स्क्वेअर एमएमच्या जवळपास. नवीन पोरगं जुन्या घरात रिवायरिंगला गेलं की हे कोष्टक लागतंच.

जॉइंटचं प्रकरण ठीक आहे, ब्रिटानिया, मॅरीड, टी, सगळे आहेत, फोटो बरे आहेत. हाउस वायरिंगचं एस्टिमेट पण ठीक. मोटार रिवाइंडिंग मात्र उत्तम, तिथं साखर कारखान्याचे ऑफ-सीझन दिसतात.

नियमांचं प्रकरण या आवृत्तीत नव्यानं लिहिलंय आणि ते फार बरं झालं. अजून बाजारात अशी पुस्तकं आहेत जी १९५६ च्या भारतीय वीज नियमांचे नंबर पोरांकडून पाठ करून घेतात, जेव्हा की त्यांच्या जागी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०१० चे आणि नंतर २०२३ चे सुरक्षा विनियम आले. सरांनी जुनं काय होतं आणि नवीन काय आहे दोन्ही दिलंय, म्हणजे जुन्या सुपरवायझरशी बोलताना पण पोरगं अडत नाही. ३० मिलिअँपियरच्या आरसीसीबीवर, म्हणजे करंट गळायला लागला की सप्लाय तोडणाऱ्या स्विचवर, पण चांगलं लिहिलंय, की तो का लावायचा, टेस्टचं बटण का दाबून बघायचं, आणि आरसीसीबी आहे म्हणून अर्थिंग नको असं म्हणणाऱ्या माणसाला काय सांगायचं.

आता बरेच जण विचारतील की निमीची पुस्तकं असताना हे कशाला. चेन्नईची निमी ही १९८६ पासूनची केंद्र सरकारची संस्था, आयटीआयच्या ट्रेड थिअरी, ट्रेड प्रॅक्टिकलची पुस्तकं तीच काढते, भारत स्किल्स पोर्टलवर पीडीएफ फुकट मिळतात. ती वापरायचीच, सिलॅबस तिथंच पूर्ण आहे, मी पण रोज वापरतो. सरांचं पुस्तक त्याच्या जागी नाही, त्याच्या शेजारी ठेवायचं. पण निमीच्या पुस्तकाबद्दल एक सांगतो जे कोणी बघत नाही. पुढच्या पानांत एक यादी असते, मीडिया डेव्हलपमेंट कमिटीच्या मेंबरांची. ती वाचा. वेगवेगळ्या राज्यांतल्या आयटीआयचे इन्स्ट्रक्टर, ट्रेनिंग ऑफिसर, कोणी रिटायर्ड. ही माणसं कुठंतरी वर्कशॉपमध्ये उभी राहून शिकवणारी. देशभरची पोरं ज्यावरून शिकतात ते यांनी लिहिलंय आणि पोरांना एक पण नाव माहीत नसतं. मी आता दरवर्षी पहिल्या दिवशी ती यादी वर्गात मोठ्यानं वाचतो. पोरांना सांगतो की यातले कितीतरी जण तुमच्याच बाकावर बसून गेलेले असतील. एका पोरीनं विचारलं सर मग मी पण लिहू शकते का. म्हणलं आधी चार वर्षं काम कर, मग सीआयटीएस कर, मग पोरांसमोर उभी राहा, आणि पहिल्या दिवसापासून वही ठेव.

आता उणिवा, आणि त्या कमी नाहीत.

पहिली म्हणजे छपाई. प्रकाशकानं फार कंजुषी केली आहे. कागद पातळ, मागच्या पानाची आकृती पुढं दिसते, आणि बाइंडिंग असं की माझ्या प्रतीची दिवाळीपर्यंत पहिली ४० पानं सुटली, मी दाभण-दोऱ्यानं शिवून घेतली. वर्कशॉपमध्ये वापरायचं पुस्तक हे, तेलकट हातानं उघडलं जाणार, त्याला जाड कव्हर आणि शिलाईची बांधणी पाहिजे. आकृत्या पण पान वाचवायला बारीक केल्यात, पॉवर सर्किट आणि कंट्रोल सर्किट एकाच चौकटीत कोंबलंय, भिंग लागेल. शेवटी विषयसूची नाही, म्हणजे मेगर कुठं कुठं आलाय ते शोधायचं तर अख्खं पुस्तक चाळा.

दुसरी, सोलरवर फक्त ९ पानं. आता गावोगाव सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेमधनं छतावर पॅनल बसतायत, २०२४ पासून तर माझ्या पास झालेल्या पोरांना सगळ्यात जास्त कामं तिथंच मिळतायत, आणि डीसी साइडचं वायरिंग, त्याचा आर्क म्हणजे ठिणगी, त्याचे वेगळे एमसीबी, इन्व्हर्टरचं अर्थिंग, याबद्दल पुस्तक जवळजवळ गप्प आहे. एसीची सवय असलेला वायरमन डीसीला हात घालतो आणि अंगाशी येतं, हे सविस्तर यायला हवं होतं. ईव्ही चार्जिंगची दोन पानं आहेत, ती न दिल्यासारखीच. सरांना हे बोललो तर म्हणाले ते काम मी हातानं केलेलं नाही, म्हणून लिहिलं नाही. उत्तर प्रामाणिक आहे आणि मला आवडलं, पण मग कोणा केलेल्या माणसाकडून ते प्रकरण लिहून घ्यावं, त्याचं नाव टाकावं.

तिसरी, सगळं पुस्तक मुलांना उद्देशून आहे. मुलांनो असं करा, तुझा हात, तो वायरमन. माझ्या बॅचला २० पैकी ४ मुली आहेत आणि मागच्या वर्षीच्या प्रॅक्टिकलला पहिला नंबर मुलीचा होता. सर शिकवायला लागले तेव्हा या ट्रेडला मुली नसतील, मान्य, पण तिसरी आवृत्ती आताची आहे.

आणि एक गोष्ट पुस्तकाची नाही, पण मनाला लागली म्हणून लिहितो. २७ वर्षांच्या वह्यांचं हे पुस्तक, तिसरी आवृत्ती निघाली, आणि सरांना पहिल्या वेळी मिळालं ते एकरकमी मानधन आणि २० प्रती, पुढच्या आवृत्त्यांचं काहीच नाही, कारण तसा कागद झालेला होता आणि तो सरांनी वाचून बघितला नव्हता. आपल्यातला कोणी लिहिणार असेल तर कॉन्ट्रॅक्टचं काम घेताना जसं अटी वाचतो तशा प्रकाशकाच्या पण वाचा, आवृत्तीमागं किती टक्के ते लिहून घ्या. पैसा बाजूला ठेवला तरी निदेशकाकडं लिहायला वेळ तरी कुठं असतो? सकाळी थिअरी, दुपारी प्रॅक्टिकल, मध्ये ॲडमिशनची कामं, हजेरी, पोर्टल भरणं. साइटवर मी आतापेक्षा जास्त कमवत होतो हे पण खरं आहे, ज्याला पैशासाठी या लाइनला यायचंय त्यानं नीट विचार करावा. मी आलो कारण गुडघे बोलायला लागले होते आणि त्याहून जास्त म्हणजे शिकवताना मला जे सुख मिळतं ते झिरी मारताना नाही मिळालं. मी पण आता वही घातली आहे. सोलरचीच घातली आहे, दोन पास झालेली पोरं रविवारी साइटवर घेऊन जातात, तिथं स्वतः काम करतो आणि संध्याकाळी लिहितो.

घ्यावं कोणी? दुसऱ्या वर्षाच्या ट्रेनींनी नक्की, वायरमनच्या परवान्याची तयारी करणाऱ्यांनी नक्की, आणि सीआयटीएस करून नवीन लागलेल्या निदेशकांनी तर आधी घ्यावं, कारण वर्गात काय विचारलं जाणार आहे ते सगळं यात आहे. पहिल्या वर्षाच्या पोरांनी निमीचंच बघावं, हे नंतर. फक्त परीक्षेपुरतं ऑब्जेक्टिव्ह पाहिजे असेल त्यांच्या हे कामाचं नाही, यात एक पण चार पर्यायांचा प्रश्न नाही.

मी पाचपैकी चार देतो, तो एक छपाईचा कापला. आणि घेतलंत तर सगळ्यात आधी पान २३१ उघडा. स्टार-डेल्टाच्या आकृतीत डेल्टाची जोडणी छापताना चूक झाली आहे (यू, व्ही, डब्ल्यू ही मोटारीची तीन वाइंडिंग, वन आणि टू त्यांची दोन टोकं), डब्ल्यू-वन ला व्ही-वन जोडलेला दाखवलाय, तिथं व्ही-टू पाहिजे. यू-वन ला डब्ल्यू-टू, व्ही-वन ला यू-टू, डब्ल्यू-वन ला व्ही-टू, असं पेननं करून घ्या. छापलंय तसंच जोडलं तर डेल्टा पडताक्षणी दोन फेज समोरासमोर शॉर्ट होतील. सरांना कळवलंय, चौथ्या आवृत्तीत दुरुस्त होईल म्हणाले, पण दुकानात आता जो माल आहे त्यात चूक तशीच आहे.